बैलाचे साठ रुपये

१९ नोव्हेंबर १९५८, बुधवार

ही वही मी बाळबोधीत लिहितो त्याला कारण आहे. बायकोला, अंबेला, तमिळ वाचता येतं; मुलाला, त्यागूला, तमिळ आणि थोडं इंग्रजी. तंजावुरातले असलो तरी घरात मराठी बोलतो आम्ही सगळेच, पण वाचणारा मी एकटा. तेव्हा मनात येईल ते लिहावं, कुणाची भीती नाही. जिल्हा कोर्टात शिरस्तेदार झाल्यापासून दिवसभर दुसऱ्यांचं खरंखोटं हाताळतो, आपलं म्हणून दोन ओळी तरी लिहाव्यात.

संध्याकाळी सेतुराम आला. चपला काढायच्या आधीच ओटीवरून ओरडला, "वादी, रविवारी आवळीभोजन! या खेपेला यजमान मी!" वादिराजचं वादी त्यानंच शाळेत केलं.

शाळेत असल्यापासून आम्ही तिघं, मी, सेतुराम आणि तुळजाजी, कार्तिकात एक दिवस गावाबाहेर आवळीच्या झाडाखाली जेवायला जातो. पाळीपाळीनं एक जण यजमान. त्यानं झाडाला पाणी घालून संकल्प सोडायचा आणि त्या दिवसाचा सगळा खर्च त्याचा. गाडी, शिधा, पानं, अगदी विड्यापर्यंत. बाकी दोघांनी त्या दिवशी कनवटीला हात लावायचा नाही. लावला तर संकल्पाचं पुण्य वाटून जातं, असं सेतुरामाचे वडील सांगायचे. मागल्या वर्षी मी यजमान होतो तेव्हा तेलाचा डबा सांडला, नवा घ्यावा लागला. बोललो का कुणाला? नाही.

आणखी एक. तुळजाजी राजघराण्याच्या लांबच्या नात्यातला, आम्ही ब्राह्मण. घरी आला तर त्याचं पान पडवीत मांडतात. आवळीखाली मात्र तिघं एका ओळीत बसतो. वर्षातून तेवढा एकच दिवस.

सेतुरामाच्या तोंडावर आज असा आनंद होता की मला जरा चीडच आली. कापडाच्या दुकानात हिशेब लिहितो, बायको जाऊन सहा वर्षं झाली, एकुलती एक मुलगी राजलक्ष्मी बावीस वर्षांची झाली. पण आता कुंभकोणचं स्थळ जवळजवळ ठरलंय. मुलगा विमा कंपनीत आहे. डिसेंबरात धनुर्मास लागायच्या आत साखरपुडा, तेव्हा हुंड्याचे पाचशे रुपये द्यायचे, उरलेले पाचशे लग्नात. पाचशे साठलेत म्हणाला. संकल्प राजीच्या लग्नाचाच सोडणार.

"मग तर पोटभर जेवतो," मी म्हटलं. "पुण्य तुझं, अजीर्ण आमचं."

२४ नोव्हेंबर, सोमवार

काल जे झालं ते लिहून टाकतो, म्हणजे डोक्यातून जाईल.

सकाळ छान होती. रामस्वामीची दोन बैलांची गाडी सेतुरामानं भाड्यानं ठरवली होती. ओरत्तनाडूच्या वाटेवर तुळजाजीच्या चुलतभावाचं नारळीचं बन आहे, त्यात एक जुनी आवळी. अंबा आणि राजीनं तिथेच चूल मांडली. वांगीभात, डांगराची पच्चडी, शेवयांची खीर. राजीच्या हाताला चव आहे, तिच्या आईसारखी. सेतुराम ओल्या धोतरानं झाडाशी उभा राहिला, हातात पाणी घेतलं आणि म्हणाला, "माझ्या राजीचं लग्न निर्विघ्न होवो." आवाज कापत होता त्याचा. तुळजाजीनं नाक शिंकरलं. मीही जरा इकडेतिकडे बघितलं.

जेवण झाल्यावर तुळजाजीनं आजोबांच्या हत्तीची गोष्ट सांगितली. दर वर्षी हत्ती हातभर वाढतो. "राजे, पुढल्या वर्षी तो आवळीत मावणार नाही," मी म्हटलं तेव्हा राजी पदर तोंडाला लावून हसली.

तिसऱ्या प्रहरी आभाळ भरून आलं. मला आज सकाळी जज्जसाहेबांपुढे फायली ठेवायच्या होत्या, उशीर परवडणारा नव्हता. कालव्याच्या काठानं गेलं तर दीड-दोन मैल वाचतात, म्हणून काठानं जायचं ठरलं. रामस्वामी कुरकुरला, काठ भिजलाय म्हणाला. पण गाडीवाले कुरकुरतातच, त्यांना दटावावं लागतं.

अर्ध्या वाटेवर काठ खचला. उजवं चाक खाली गेलं, आम्ही सगळे एका अंगाला घसरलो. उजवा बैल, करुप्पन म्हणतो त्याला रामस्वामी, गुडघ्यावर पडला तो उठेचना. पुढचा पाय मोडला होता. कडकन आवाज झाला तो मी ऐकला. रामस्वामीनं चिखलात बसून त्याचं डोकं मांडीवर घेतलं आणि घरातलं माणूस गेल्यासारखा रडायला लागला. अंबेनं डोळे मिटून घेतले.

सेतुराम म्हणाला, "तुम्ही बसनं जा, मी थांबतो याच्याजवळ." आम्ही चिखल तुडवत सडकेवर आलो. तिकिटं राजीनं काढली. तिच्या अप्पांनी येताना पैसे हातात कोंबले होते म्हणे. तुळजाजीनं खिशात हात घातला होता, मीच त्याला थांबवलं. नियम तो नियम.

२६ नोव्हेंबर, बुधवार

करुप्पन मेला.

कोर्टातून येताना सेतुरामाच्या ओटीवर गेलो. तुळजाजी विडा चघळत आधीच बसला होता. रामस्वामी खाली पायरीशी उभा. हातात बैलाची वेसण होती, ती सारखी एका हातातून दुसऱ्या हातात घेत होता. दोनशे रुपये मागत होता. एका बैलावर गाडी चालत नाही, जोडी मोडली की दुसराही घरीच बसतो, असं त्याचं म्हणणं.

मी त्याला कायदा समजावला. गाडी तुझी, बैल तुझा, हाकणारा तू. भाडं घेतलंस त्यात धोका आलाच. कोर्टात गेलास तर एक पैसा मिळणार नाही.

रामस्वामी म्हणाला, "सामी, मी नको म्हटलं होतं. काठानं हाक म्हणून मला कुणी सांगितलं?"

मी रुमालानं मान पुसली. मग सेतुराम म्हणाला, "मी सांगितलं."

खरं तर त्यानं असं काही सांगितल्याचं मला आठवत नाही. पण यजमान तो होता, तेव्हा तोच बोलला हे रीतसर झालं. रामस्वामीनं माझ्याकडे बघितलं, मग सेतुरामाकडे, आणि मान खाली घातली.

शेवटी एकशे ऐंशीवर तुटलं. वीस रुपये मी घासाघीस करून कमी केले, हे कुणी लक्षातही घेतलं नाही.

सेतुरामानं आत जाऊन पैसे आणले आणि रामस्वामीच्या हातावर ठेवले. तो गेल्यावर मी म्हटलं, "सेतू, तिघांनी मिळून गेलो होतो. हवं तर आम्ही दोघं साठ-साठ उचलतो." सेतुराम म्हणाला, "नको रे. संकल्प माझा होता."

"बरं," मी म्हटलं.

त्यानं थोडा वेळ माझ्याकडे बघितलं. मग कॉफी घ्याल का म्हणून विचारलं. मी कर्तव्य केलं. त्याला नको तर माझा इलाज काय? संकल्पाचं पुण्य वाटून घ्यायचं पाप मला नको. शिवाय वैशाखात त्यागूची मुंज आहे, त्यासाठी पोस्टात चारशे ठेवलेत, ते मोडायचे म्हणजे पुन्हा पहिल्यापासून आलं. तुळजाजी तर तोंड उघडायलाही तयार नव्हता. राजेपण नुसतं हत्तीपुरतं!

२९ नोव्हेंबर, शनिवार

अंबेनं भाजी चिरता चिरता विचारलं, "सेतुराम भावोजींना पैशाचं विचारलंत?"

"विचारलं. नको म्हणाला."

"किती वेळा?"

"म्हणजे काय किती वेळा? कोर्टात साक्षीदाराला एकदा विचारतात, तो सांगतो ते लिहून घेतात."

"अय्यो, आपलं घर का कोर्ट?" ती म्हणाली. "पानावर बसलेल्यानं पोळी नको म्हटलं तर तुम्ही थांबता का कधी? पाहुणा हात आडवा धरतो तरी हातावर वाढता."

"पोळी वेगळी, पैसे वेगळे."

"होय की," ती म्हणाली आणि वांग्याची देठं काढत बसली. जरा वेळानं पुन्हा, "काठानं चला कुणी म्हटलं हो?"

"सगळ्यांनीच."

तिनं पुढलं वांगं उचललं. बायकांना एखादी गोष्ट लावून धरायची सवयच असते. मीही चिडून न जेवता उठलो, पण भूक होती, मागाहून ताकभात खाल्ला.

६ डिसेंबर, शनिवार

सेतुराम कुंभकोणला जाऊन आला. पाचशेतले तीनशे वीस उरले, ते साखरपुड्याला घ्या आणि बाकी तै महिन्यात, संक्रांतीनंतर, लग्नाबरोबर देतो, असं सांगायला गेला होता. ते म्हणाले, कळवतो.

मला वाटेत भेटला. दाढी वाढली होती. "होईल रे," मी म्हटलं. "चांगली माणसं आहेत."

"होय," म्हणाला. काहीतरी बोलायच्या बेतात होता, पण तेवढ्यात मला कोर्टाची घंटा ऐकू आली.

११ डिसेंबर, गुरुवार

कुंभकोणचं मोडलं.

तुळजाजीनं कोर्टाच्या फाटकाशी गाठून सांगितलं. निरोप असा आला की ज्या दिवशी मुलीच्या लग्नाचा संकल्प सोडला त्याच दिवशी बैल मेला, हा शकुन चांगला नाही. पैशाचं एक अक्षर नाही.

"बघ," मी म्हटलं, "शकुनाला कोण काय करणार?"

तुळजाजी रस्त्यातच थांबला. पान थुंकून आला आणि म्हणाला, "शिरस्तेदार, पाचशे हातावर पडले असते तर त्यांना शकुन सुचला असता का? बैल मेल्याचं त्यांना कधीचं ठाऊक होतं. पैसे कमी पडल्यावर सुचला."

मी म्हटलं, "तू मोठा शहाणा. तू तरी कुठे दिलेस?"

"दिले की. साठ."

मला खरंच वाटेना. म्हणाला, "पहिल्यांदा गेलो, नको म्हणाला. दुसऱ्यांदा गेलो, चिडला. म्हणाला, तू काय मला भीक घालतोस? तिसऱ्यांदा बायकोला घेऊन गेलो. ती कधी कुणाच्या दारात जात नाही, तुला ठाऊक आहे. तिनं राजीच्या ओच्यात टाकले तेव्हा घेतले. पण तोवर कुंभकोणचा निरोप येऊन पडला होता."

"आणि पुण्याचं काय?" मी विचारलं.

"कसलं पुण्य रे!" असं म्हणून तो निघून गेला. मला एकट्याला उन्हात उभा करून गेला. चांदीचं काहीतरी विकलं असणार त्यानं, त्याच्याकडे रोकड कुठली? कुळकायद्यानं जमीन गेली, नुसतं नाव उरलंय.

साठ रुपये मी दिले असते तरी कुंभकोणचं जमलंच असतं असं कुणी सांगावं? त्याचे साठ आणि माझे साठ धरून चारशे चाळीस. पाचशे होत नाहीत. हिशेब करून बघितला, होतच नाहीत.

१३ डिसेंबर, शनिवार

पाऊस. पुन्हा हिशेब केला. सेतुराम स्वतःचे साठ कुठून तरी उभे करू शकला असता. तसे धरले तर पाचशे होतात.

उगाच केला.

४ जानेवारी १९५९, रविवार

काल पोस्टातून साठ रुपये काढले. अंबेला सांगितलं, कोट शिवायचाय. आज पाकीट आतल्या खिशात घालून सेतुरामाकडे गेलो.

ओटीवर परकी माणसं बसली होती. सेलमचे कुणी सदाशिवराव आणि त्यांचे थोरले बंधू. मला आधी वाटलं थोरले बंधू मुलाचे वडील असतील, सदाशिवराव मुलाचे काका. नाही. मुलगा म्हणजेच सदाशिवराव. वय बेचाळीस सांगितलं. बायको गेल्या वर्षी बाळंतपणात गेली, दोन मुलं आहेत. हुंडा नको, उलट मुहूर्ताचा खर्च अर्धा देतो म्हणतात. माणूस वाईट दिसला नाही. पण हातातली काठी मांडीवर आडवी ठेवून बसला होता आणि दर वाक्याला बंधूंकडे बघत होता.

सेतुराम मला बघून उठला. "या, वादिराजराव. बसा." पाहुण्यांसमोर मान दिला असणार. तरी चाळीस वर्षांत त्यानं मला राव म्हटलेलं आठवत नाही.

राजीनं कॉफी आणली. माझ्यापुढे पेला ठेवताना तिनं वर बघितलं नाही.

पाहुणे गेल्यावर मी म्हटलं, "सेतू, बेचाळीस वर्षांचा माणूस?"

"मग काय करू?" तो म्हणाला. शांतपणे म्हणाला, भांडला असता तर बरं वाटलं असतं. "ती तेवीसची होईल. कुंभकोणच्यांनी शकुनाचं गावभर केलं. आता तंजावुरातलं कुणी पत्रिकाही मागत नाही."

मी खिशात हात घातला. "ते बैलाचे..."

"आता कशाला?" तो म्हणाला. "ते झालं."

मी पाकीट तसंच राहू दिलं. विचारून झालं, आता दोन वेळा विचारून झालं. यापेक्षा माणसानं काय करायचं? पण घरी आल्यावर अंबेनं विचारलं, कोटाचं माप दिलंत का, तेव्हा तिच्यावर उगाचच ओरडलो.

१५ जानेवारी, गुरुवार

आज मट्टू पोंगल, बैलांचा सण. सगळ्या गल्लीत शिंगं रंगवलेली, गळ्यात ऊस आणि झेंडू. रामस्वामीही गाडी घेऊन आला होता. त्यानं दुसरा बैल घेतलाय. म्हातारा आहे आणि पहिल्यापेक्षा वीतभर ठेंगणा, त्यामुळे जू तिरकं बसतं. सेतुरामाच्या दारापुढे थांबून त्यानं हात जोडले. माझ्या दारावरून तसाच पुढे गेला.

दुपारी राजी हळदीकुंकवाला आली होती. जाताना ओटीवर माझ्याशी थांबली. "काका, या ना एकदा घरी. अप्पा कुणाशी बोलत नाहीत. पूर्वीसारखे बसा त्यांच्याजवळ, काही भांडण काढा, कसली तरी थट्टा करा."

"येतो की," मी म्हटलं. मग विचारायचं म्हणून विचारलं, "सेलमचं ठीक आहे ना तुला?"

"मुलं लहान आहेत," ती म्हणाली. "धाकटीला अजून भरवावं लागतं. परवा आणलं होतं तिला, मला पाहिल्यावर लगेच माझ्याकडे आली." एवढं सांगून हसली. मला ते हसू बघवेना. मी त्यागूला हाका मारायला लागलो, काम नसताना.

१९ जानेवारी, सोमवार

सेतुरामाकडे जायला हवं होतं. शनिवारी जाईन म्हटलं, शनिवारी दमलो होतो. रविवारी कोर्टाच्या नकला होत्या.

१ फेब्रुवारी, रविवार

राजीचं लग्न झालं.

देवळाजवळच्या छोट्या छत्रात, म्हणजे धर्मशाळेत. पन्नासएक माणसं. सनई होती, पण मेळातला एकच जण आला होता. सदाशिवरावांची धाकटी मुलगी अक्षता टाकून झाल्यावर राजीच्या शालूला धरून उभी राहिली ती सोडेना. मंगळसूत्र बांधताना सेतुराम दुसरीकडे बघत होता. तुळजाजी खांबाला टेकून उभा होता, मीही त्याच्याशेजारी जाऊन उभा राहिलो, तर त्यानं पान जुळवायला घेतलं.

मी ठरवूनच गेलो होतो. वाटा म्हणून घेत नाही ना, मग आहेर म्हणून देऊ. तेव्हा कसा नको म्हणेल? रात्रभर मला या युक्तीचं समाधान वाटत होतं.

आहेर लिहून घ्यायला, इथे आपण सगळे मोयच म्हणतो त्याला, सेतुरामाच्या दुकानातले सांबशिव बसले होते. त्यांचा आवाज म्हणजे घंटा. कुणी दोन रुपये, कुणी पाच. तुळजाजीनं दोन रुपये आणि नारळ दिला. मी पाकीट ठेवलं. सांबशिवांनी मोजलं, पुन्हा मोजलं, आणि ओरडले, "जिल्हा कोर्ट शिरस्तेदार वादिराजराव, साठ रुपये!"

सगळं छत्र माझ्याकडे वळलं. सदाशिवरावांचे बंधू उठून आले, माझा हात हातात घेऊन म्हणाले, "मित्र असावा तर असा." बायका अंबेला पुढे बसवायला लागल्या. सेलमच्या एका म्हाताऱ्यानं मला स्वतःची खुर्ची दिली. मला ओरडून सांगावंसं वाटलं की अहो हे बैलाचे आहेत, आहेर नव्हे. पण मी त्या खुर्चीत बसलो. तुळजाजी खांबापाशी उभा राहून माझ्याकडे बघत होता. मग त्यानं उपरणं खांद्यावर टाकलं आणि जेवायला न थांबता निघून गेला.

सेतुराम आला. त्यानं मला हात जोडले. राजीला आणि जावयाला बोलावून म्हणाला, "वादिराजरावांच्या पाया पडा." राजी वाकली. तिच्या हातावर मेंदी काळीभोर रंगली होती. मी तिच्या डोक्यावर हात ठेवला.

सेतुराम म्हणाला, "एवढा आहेर आमच्या घराण्यात कधी कुणी केला नाही. वैशाखात त्यागूची मुंज आहे ना? तेव्हा साठच्या साठ घेऊन येईन. माझ्याकडून कमी पडायचं नाही."

तेव्हा मला कळलं मी काय केलंय. मोय परत करायची असते. घेतली तेवढी, जमलं तर वर एक रुपया. कमी केली तर चारचौघांत अब्रू जाते, आणि माझी तर सांबशिवांनी सगळ्या छत्राला ऐकवलेली.

३ फेब्रुवारी, मंगळवार

अंबेला म्हटलं, "त्यागूची मुंज पुढल्या वर्षी करू."

ती तांदूळ निवडत होती. म्हणाली, "करा की. ते पुढल्या वर्षी आणतील. त्यांना पासष्ट रुपये पगार. आत्तापासून बाजूला काढायला लागले असतील."

"मुंजीला त्याला बोलवायचंच नाही, मग?"

तिनं सूप खाली ठेवलं आणि माझ्याकडे असं बघितलं की मी उठून परसात गेलो.

८ फेब्रुवारी, रविवार

आज गेलो. कोटही घातला नाही, पाकीटही नाही, नुसता गेलो.

सेतुराम ओटीवर डाळतांदळाची पुरचुंडी बांधत होता. राजी परवा सेलमला गेली. घर उघडंच होतं, आत चूल पेटलेली नव्हती.

मी म्हटलं, "सेतू, ते पैसे आहेर नव्हेत. बैलाचे आहेत. माझा वाटा."

"आहेर म्हणून लिहिलाय," तो म्हणाला. "चारचौघांत वाचलाय."

"मी मुंजीत तुझ्याकडून काही घेणार नाही."

"मग मी मुंजीला कसा येऊ? रिकाम्या हातानं?"

"ये रे तसाच! मी सांगतो ना!" मी म्हटलं. तो मान हलवत राहिला. मी पुन्हा म्हटलं. तिसऱ्यांदा म्हटलं, चौथ्यांदा म्हटलं, त्याचा हात धरला. "काठानं चला मीच म्हटलं होतं," असंही म्हटलं. तो म्हणाला, "ठाऊक आहे. मी गाडीतच होतो."

मग मला रडू आलं. इतक्या वर्षांत त्याच्यासमोर मी कधी रडलो नव्हतो, त्याची बायको गेली तेव्हासुद्धा नाही. त्यानं माझा हात हळूच सोडवला. रागानं नाही. राग असता तर त्याच्याशी कसं भांडायचं ते मला ठाऊक आहे.

"वादिराजराव, मला निघायला हवं," तो म्हणाला. "तेलाच्या गिरणीत संध्याकाळचे हिशेब लिहायला लागलोय. रविवारीसुद्धा. वैशाखापर्यंतच."

पुरचुंडी काखेत मारून तो पायऱ्या उतरला आणि वळून म्हणाला, जाताना कडी तेवढी लावून घ्या. मी बराच वेळ ओटीवर बसलो. कुणी कॉफी विचारायला आत नव्हतं. मग कडी लावली आणि घरी आलो.